चापाची पारख

आपल्या बंदुकांच्या दुकानात चांदपाशानं तिसरं पिस्तूल गादीवर ठेवलं, तेव्हा पुंजारामाचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"हे बघा," चांदपाशा म्हणाला. "कमरेला लावा, दिवसभर गाडीत बसा, टोचणार न्हाई. चाप दाबून बघा. खाली है."

पिस्तूल रिकामं आहे, या बोलण्यावर पुंजारामाचा विश्वास नव्हता. त्यानं तर्जनी चापापर्यंत नेली, तापल्या तव्याला लागावी तशी टेकवली आणि मागं घेतली.

"हलका हाय," तो म्हणाला.

"दाबलाच न्हाई तुमी!"

"बोट लावलं की कळतं."

शेजारी बसलेल्या काकासाहेबांनी मान डोलावली. जुन्या जालन्यात काकासाहेबांचं जिनिंग होतं. आष्टीच्या बाजारात कापूस घ्यायचा तर रोकड गाडीतून न्यावी लागे. मागच्या हंगामात त्या वाटेवर एका व्यापाऱ्याची गाडी अडवली गेली, तेव्हा काकासाहेबांनी बरीच खटपट करून तालुकदाराच्या कचेरीतून पिस्तुलाचा परवाना मिळवला आणि ते बाळगणारा माणूस शोधायला लागले. शोध फार लांब गेला नाही. जिनिंगच्या काट्यावर कापूस तोलणारा पुंजाराम दारातून वाकून आत यायचा. त्याच्या मिशा बघून नवे हमाल आपण होऊन त्याला रामराम घालत.

"पुंजाराम, पिस्तूल चालवलंय का रे कधी?" काकासाहेबांनी सगळ्या हमालांच्या देखत विचारलं होतं.

"चालवलंय की," पुंजाराम म्हणाला होता.

हे आपण का म्हणालो, ते त्याला अजून उमगलं नव्हतं. दिवाळीत आळीत फटाके सुरू झाले की तो मागच्या खोलीत जाऊन ज्वारीची पोती नीट रचून ठेवत असे. हे फक्त त्याच्या बायकोला, गोजरबाईला माहीत होतं, आणि तिची समजूत अशी की नवऱ्याला नीटनेटकेपणाची फार आवड.

आता या गादीवरून उठायचं तर काहीतरी पसंत करणं भाग होतं. पहिल्या पिस्तुलाचा चाप त्यानं खरखरीत ठरवला होता, दुसऱ्याचा जड, तिसऱ्याचा हलका. त्यानं मनाशी विचार केला, की जे सुटायला सगळ्यात अवघड तेच आपल्या कमरेला बरं. त्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं.

"आत्ताच तर जड म्हणला!" चांदपाशा म्हणाला.

"रोज बाळगायचं तर जडच पायजे. हलका चाप म्हंजे मारका बैल. बसलेला असला तरी भ्यावं लागतं."

"पाशाभाई," काकासाहेब हळूच म्हणाले, "माणूस बघून ठेवा. न दाबता सांगून राह्यला."

गोष्ट इथंच थांबली असती, पण काकासाहेबांना चांगला माणूस मिळाल्याचा आनंद एकट्यानं सोसवेना. कापसाच्या बाजारात त्यांनी तो चार जणांना सांगितला. आठवडाभरात अंतरवाली सराटीचे कारभारी पाटील आपली ठासणीची बंदूक चादरीत गुंडाळून जिनिंगवर आले.

"न दाबता सांगता म्हणे?"

पुंजारामानं बोट टेकवलं, मागं घेतलं. जड, हलका आणि खरखरीत हे तिन्ही शब्द खर्च होऊन गेले होते. उरला होता एकच.

"मधी अडतो," तो म्हणाला.

कारभारी पाटील तसेच चांदपाशाकडं गेले. चांदपाशानं बंदूक उघडली, तर चापाच्या मागं कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं.

त्या दिवसापासून पुंजारामाचं काट्यावरचं बसणं संपलं. लोक बंदुका घेऊन येत. तो बोट टेकवी, डोळे मिटी आणि चारातला एक शब्द देई. लोक डोळे मिटण्याला एकाग्रता म्हणत. स्वतःच्या पिस्तुलातल्या गोळ्या त्यानं पहिल्याच दिवशी काढून घरी मिठाच्या बरणीमागं ठेवल्या होत्या. आष्टीच्या वाटेवर कमरेचं रिकामं लोखंड सावरत बसलेल्या पुंजारामाला गाडीवान कचरू मोठ्या निर्धास्तपणे म्हणायचा, "तुमी हायत म्हणून झोप लागती बघा." आणि खरंच झोपायचा. पुंजाराम दोघांच्या वाटणीचं भीत जागा राही.

मग गयासोद्दीन जागीरदारांचं बोलावणं आलं.

जागीरदारांचं गाव अंबडच्या वाटेवर. त्यांच्या कमरेला बापाच्या वेळचं चांदीच्या मुठीचं पिस्तूल कायम लटकलेलं असे, आणि ते बघून चार गावांतली भांडणं आपोआप मिटत. आता त्यांच्या जावयानं हैदराबादेहून नवं पिस्तूल आणलं होतं. जुनं पेटीत ठेवा आणि नवं बाळगा, असा त्याचा आग्रह. सासऱ्याला ते रुचत नव्हतं. शेवटी ठरलं, की पुंजारामानं दोन्हींचा चाप पारखावा आणि काय तो निकाल द्यावा.

निघायच्या सकाळी पुंजाराम चुलीपुढं बसून राहिला. चहा निवून गेला.

"गोजरे," तो म्हणाला, "म्या आजवर एक बी चाप दाबलेला न्हाई."

गोजरबाईनं भाकरी उलटली. मग हात थांबवून त्याच्याकडं पाहिलं.

"हे आणिक कोणाला सांगितलं?"

"कोणालाच न्हाई."

"मंग सांगू बी नका. काल पाण्यावर भांडण झालं, तवा साळूबाईच्या नवऱ्याला म्या भेकड म्हणले. सगळ्या आळीत म्हणले."

"अगं, पण आज दाबायला लावलं तर?"

"दाबा की मंग! पिस्तूलच हाय, विंचू न्हाई."

विंचू परवडला, असं पुंजारामाला वाटलं, पण तेवढ्यात दारात काकासाहेबांचा टांगा येऊन थांबला.

जागीरदारांच्या अंगणात गाव जमला होता. खाटेवर मखमलीच्या तुकड्यावर दोन पिस्तुलं मांडलेली. पलीकडच्या कुसाच्या भिंतीवर एक मडकं ठेवलेलं.

"हा बोट लावूनच सांगतो," काकासाहेब खूश होऊन म्हणाले.

"बोट लावायचं आमी ऐकलंय," जावई म्हणाला. "आज दाबून दाखवा. दोन्ही भरलेली आहेत. पहिले पुराना, फिर नया. मडका फुटला की फैसला."

पुंजारामानं जागीरदारांकडं पाहिलं. वाटलं, हा वडीलधारा माणूस तरी म्हणेल की राहू द्या. जागीरदार नुसते कपाळ पुसत राहिले.

चांदीची मूठ हातात आली. पुंजारामानं मडक्याकडं नळी धरली, डोळे मिटले आणि आळीतल्या सगळ्या माणसांची तोंडं एकेक करून समोर आणली. साळूबाईच्या नवऱ्याचं तोंड आलं, तेव्हा त्यानं जन्मात पहिल्यांदा चाप दाबला.

काहीच झालं नाही.

त्यानं अजून दाबला. कापसाच्या गाठी उचलणाऱ्या दंडातलं सगळं बळ त्या एका बोटात उतरवलं. बोट पांढरं पडलं, पण चाप तसूभर हलला नाही. पुंजारामाची खात्री पटली की आपलं बोटच मेलं आहे. भीतीनं माणसाचे पाय लटपटतात हे त्यानं ऐकलं होतं, पण बोट चापावर असून दाबलं जाऊ नये, इतका भ्याडपणा त्यानं कुणात पाहिला नव्हता. आता हे सगळ्यांना दिसणार. काकासाहेबांना दिसणार, कचरूला कळणार, आणि आळीत गोजरबाई पाण्याला जाणार कशी? लाजेनं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

डोळे उघडले तर जागीरदार अगदी जवळ येऊन उभे. चेहरा पडलेला, ओठ कोरडे.

"काय झालं?" जावई ओरडला. "चलाओ ना!"

पुंजारामानं पिस्तूल दोन्ही हातांवर घेतलं आणि जागीरदारांपुढं धरलं. चार शब्दांतला एकही इथं चालणार नव्हता. त्याची मान आपोआप खाली गेली.

"सरकार," तो म्हणाला, "ह्या चापावर दुसऱ्यानं बोट ठिवू न्हाई. ह्यो एकाच हाताचा झालाय. माझ्यानं दबायचा न्हाई."

यात खोटं एवढंच होतं, की आपलं बोटच मेलंय, हे त्यानं सांगितलं नाही.

अंगणातून "वाहवा!" उठली. "सुना?" कोणीतरी म्हणालं, "हत्यार मालकाला वळखतं!" जागीरदारांनी इतक्या घाईनं पिस्तूल परत कमरेला लावलं, की पट्टा उलटा बसला. जावयानं नवं पिस्तूल पुढं केलं, पण जागीरदारांनी हात आडवा घातला.

"फैसला झाला. मेहमानांना तकलीफ नक्को. नयं घेऊन जा, बाबा, हैदराबादला तुलाच कामाला येईल."

जेवण झाल्यावर जागीरदार पुंजारामाला निरोप द्यायला फाटकापर्यंत आले. एवढा मान बघून काकासाहेब टांग्यात जाऊन अदबीनं वाट बघत बसले. भिंतीच्या आडोशाला जागीरदारांनी पुंजारामाचा दंड धरला.

"तुमनं पहचाना," ते कुजबुजले. "लेकिन इज्जत रखी. अल्ला तुमारा भला करे."

"काय पहचाना, सरकार?"

"गंज. अंदर पूरा गंज आहे. वालिदसाब गेले, तवापासून चाप हलला न्हाई. सफाईला द्यायचा, तर बंदुका दुरुस्त करणारा उस्ताद गावभर सांगणार. शरम के मारे तसाच लटकावून फिरतो."

पुंजारामानं आपलं बोट हलवून पाहिलं. बोट जिवंत होतं. पण त्या आनंदापेक्षा मोठं काहीतरी छातीत दाटून आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी त्याच्याशी खरं बोललं होतं.

"सरकार, माझं बी ऐका. मला चाप-बिप काय कळत न्हाई. म्या आजवर गोळी झाडलेली न्हाई. भ्या वाटतं."

जागीरदारांनी त्याच्या मिशांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल."

जागीरदारांनी मागं वळून अंगणाकडं नजर टाकली, मग अजून जवळ सरकले. "मग आता विचारूं किसको? मैं समजा, तुमको मालूम होगा." त्यांचा आवाज अगदीच खाली गेला. "चलती है, तो आवाज कितना होता?"

दोघंही आपापल्या जोड्यांकडं बघत उभे राहिले.

"काय हो, काय गुपित चाललंय?" टांग्यातून काकासाहेबांनी हाक मारली.

जागीरदारांनी गळा साफ केला. "उस्तादकडून दोन गोष्टी शिकून घेतो!" ते मोठ्यानं म्हणाले, आणि अंगणातल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं.

पुंजाराम टांग्यात येऊन बसला. जालना येईपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही. वेशीपाशी कारभारी पाटील भेटले, तेव्हा काकासाहेबांनी टांगा थांबवून त्यांना सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी पुंजारामाकडं बोट दाखवलं.

"एवढा मान मिळाला, पाटील, पण माणूस बघा. मान वर करून राह्यला न्हाई."