वाचनमात्रांस प्रवेश बंद

बुधवार पेठेतल्या एका दुकानात मी जुन्या रेडिओचा काचेचा व्हॉल्व्ह मागत उभा होतो. तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. इथपर्यंत ठीक आहे. माझ्या वयाच्या माणसाच्या गुडघ्याची चौकशी पुण्यात कोणीही करू शकतो. पण त्यांनी विचारलं, "डावा बरा झाला म्हणता, पण उजव्याचं काय?" आणि या गृहस्थांना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आपण कोण?" मी विचारलं.

"मी तुमचा वाचक. 'जुना रेडिओ'वर तुमचं सगळं वाचतो."

"सभासद आहात?"

"छे! रेडिओत मला काडीचा रस नाही. तुम्ही उप्पिटाबद्दल छान लिहिता."

खुलासा करतो. 'जुना रेडिओ' ही आम्हा जुन्या रेडिओंच्या वेड्यांची इंटरनेटवरची जागा. मी, बाळ आगटे, तिचा व्यवस्थापक. (विमा कंपनीत मी वरिष्ठ कारकून आहे. व्यवस्थापक व्हायला मला इंटरनेटवर जावं लागलं.) कॉम्प्युटरची बाजू सौरभ नावाचा तरुण सभासद सांभाळतो. लिहायचं सभासदांनीच, वाचायचं कोणीही, अशी सुरुवातीपासूनची पद्धत. जे नुसते वाचतात आणि एका अक्षरानं बोलत नाहीत त्यांना आम्ही 'वाचनमात्र' म्हणतो. 'रेडिओव्यतिरिक्त' नावाचा तिथे एक कोपरा आहे. मी बहुतेक लेखन त्याच कोपऱ्यात करतो.

घरी माझा शब्दसंग्रह 'चहा', 'किल्ली' आणि 'हं' एवढाच आहे. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर बोलायचं काय राहतं, असं माझं मत होतं. तिथे मात्र मी खुलतो. गुडघा, ऑफिस, उप्पीट, माणसाचं एकटेपण, कशावरही लिहितो.

आणि न बोलता आमचं उत्तम चाललं होतं. माझ्या पत्नीला, सुहासिनीला, माझ्या मनातलं कळायचं. उप्पीट कोरडं होतं, असं मी रात्री 'रेडिओव्यतिरिक्त'वर लिहावं, आणि पुढचं उप्पीट मऊसूत व्हावं. चष्म्याचा स्क्रू ढिला झाल्याचं लिहावं, तर सकाळी वर्तमानपत्रावर बारीक स्क्रूड्रायव्हर ठेवलेला असावा. या विषयावर मी 'न बोलता कळणे' असा दीर्घ लेखही लिहिला. त्याखाली सभासदांची रांग लागली होती : "वहिनींना नमस्कार."

इतका मूर्ख माणूस व्यवस्थापक कसा झाला, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडतो, पण हल्ली.

त्या सुमाराला माझ्या डाव्या कानात सारखी शिट्टी वाजत होती. स्टेशन नीट लागलं नाही की रेडिओ वाजवतो तशी. डॉक्टरांनी तपासलं, ऐकू कमी येतंय म्हणाले, आणि आत एखादी गाठ नाही ना हे बघायला डोक्याचा स्कॅन करायला सांगितला. मी घाबरलो. घरी बोललो नाही. तिला कशाला काळजी, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं की, घरात तो शब्द उच्चारला असता तर तो घरातच राहायला आला असता. 'रेडिओव्यतिरिक्त'वर मात्र सगळं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून सुहासिनी जेवायला माझ्या उजव्या बाजूला बसू लागली. पंखा त्या बाजूला बरा लागत असेल, असं मला वाटलं.

तर अशा मनःस्थितीत मला ते उप्पीटप्रेमी गृहस्थ भेटले. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं. आज यांनी गुडघा विचारला, उद्या कान विचारतील! ज्यांनी कधी एक कॉइल गुंडाळली नाही त्यांनी आमच्या आयुष्यात फुकट डोकवायचं? मी फलक लावला : 'वाचनमात्रांस प्रवेश बंद. यापुढे वाचण्यासाठी सभासद व्हावे. सभासद होण्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. उत्तरे पटण्याजोगी असावीत.'

लोणी काळभोरहून गेनबांचा फोन आला. गेनबा आमचे सर्वांत ज्येष्ठ सभासद. शेतीवाडी मोठी, आणि बैलांच्या गोठ्यात आता रेडिओ बांधलेले.

"आवं आगटेसायेब, हे काय काडलंय?"

"शिस्त, गेनबा. बाहेरच्यांनी का वाचावं?"

"माज्या अंगणात रेडू लागला की रस्त्यानं जाणारा बी थांबून ऐकतो. त्याला काय हाकलून द्याचं? सरकारनं रेडूचं लायसन बंद करून जमाना झाला, आन् तुमी परत चालू करताय व्हय?"

मी म्हटलं, "तत्त्वाचा प्रश्न आहे." (मुद्दा सुचला नाही की मी तत्त्वाकडे जातो.) सौरभनं कुठलंसं बटण दाबलं आणि दार बंद झालं.

त्याच आठवड्यात आमच्या घराचं तंत्र बिघडलं. उप्पीट कोरडं झालं. कढी आंबट झाली, मी तसं लिहिलं, तर पुढची कढी आणखी आंबट झाली. दूध दोनदा उतू गेलं. सुहासिनीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसू लागली आणि ती दगडूशेठला रोज जाऊ लागली. एरवी गर्दीच्या नावानं नाक मुरडणारी बाई!

"आज काही विशेष?" तिनं जेवताना विचारलं.

"हं."

"फोनबिन आला होता कुणाचा?"

"हं."

"म्हणजे आला होता का नव्हता?"

"मीठ," मी म्हणालो. तिनं मीठ वाढलं आणि ताटावरून उठली. मी 'रेडिओव्यतिरिक्त'वर लिहिलं की, वयानुसार स्त्रिया चिडचिड्या होतात.

याच दिवसांत सभासदत्वासाठी पहिला अर्ज आला. नाव फक्त 'शैला'. पहिला प्रश्न होता, आपल्याला रेडिओची आवड कधी लागली? उत्तर : 'लागली नाही. लग्नात मिळाली.' दुसरा, आपल्याकडे कोणते रेडिओ आहेत? 'पुष्कळ. त्यांतले दोन वाजतात.' मला या बाईच्या नवऱ्याची कीव आली. बिचारा छंद जोपासतोय आणि बायको वाजणारे मोजत बसली आहे. तिसरा, आपण सभासद का होऊ इच्छिता? 'एका सभासदाच्या कानाचा रिपोर्ट काय आला, तेवढे वाचायचे आहे. मग निघून जाईन.'

माझा संताप अनावर झाला. हेच, याच भोचकपणासाठी मी दार लावलं होतं! कार्यालयीन भाषेवर माझं प्रभुत्व आहे, ते सगळं पणाला लावून मी कळवलं : 'आपले उत्तर वाचून खेद झाला. अन्य व्यक्तीच्या कानाशी आपला संबंध दिसत नाही. अर्ज नामंजूर. पुन्हा अर्ज करू नये.'

दोन दिवसांनी रिपोर्ट मिळाला. गाठबीठ काही नव्हती. वयोमानानं नस कमजोर झालेली, कानाला यंत्र लावा, बस्स. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी मोबाइलवरून ही बातमी 'जुना रेडिओ'ला कळवली. अभिनंदनाचा पाऊस पडला. कोणीतरी लिहिलं, "वहिनींना किती हायसं वाटलं असेल!" मी लिहिलं, "हो ना."

घरी आलो, चहा म्हणालो, चहा मिळाला. एवढ्यात घरातला फोन वाजला. तिनं उचलला. पलीकडून गेनबा बोलत होते. ते फोनवर असे बोलतात की मला डाव्या कानानंही ऐकू आलं.

"वैनी, लय ब्येस झालं बगा! गाठ न्हाई निघाली. तुमच्या जिवाला केवडा घोर हुता आसंल!"

सुहासिनीनं रिसीव्हर ठेवला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. तीस वर्षांत ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मी कप हातात धरून उभा होतो, खाली ठेवायचंही सुचेना.

"तुला कान... कसं कळलं?" मी विचारलं.

तिनं डोळे पुसले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "अन्य व्यक्तीच्या कानाशी आपला संबंध दिसत नाही. अर्ज नामंजूर. पुन्हा अर्ज करू नये."

"शैला म्हणजे...?"

"मी. लग्नाआधीची. तुमच्या आईंना नाव बदलायचं होतं. ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुहासिनी' तुम्हीच लिहिलंत. आधीचं काय होतं, ते विचारलंही नाहीत."

विचारलं असेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. सासुरवाडीला तिला सगळे ताई म्हणतात. मी बायकोला दुसरं नाव दिलं, आणि पहिलं मला आठवत नव्हतं असं नाही, ते माझ्याकडे कधी आलंच नव्हतं.

"सौरभनं लिंक पाठवली होती," ती म्हणाली. "काकू, काका किती सुंदर लिहितात बघा, म्हणून. वाचायला लागले. घरात माणूस बोलत नाही, निदान तिथे तरी ऐकू यायचा."

म्हणजे उप्पीट, स्क्रूड्रायव्हर, उजव्या बाजूचं ताट. मला एकदम सगळं दिसलं आणि लाज वाटली. "अगं, मला विचारायचंस."

"विचारलं. तुम्ही हं म्हणालात."

"मग सौरभला..."

"नवऱ्याच्या कानाचं सौरभला विचारू?" ती म्हणाली. मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो आणि रिपोर्टमधली ओळ न् ओळ तिला वाचून दाखवली. शेवटी डॉक्टरांची सहीसुद्धा वाचली. ती वाचता येत नव्हती, तरी.

त्याच संध्याकाळी दार उघडलं. शैलाचा अर्ज गेनबांनी मंजूर केला. पहिल्याच दिवशी तिनं एक नवा नियम सुचवला : 'घरी सांगितल्याखेरीज कोणतीही गोष्ट येथे लिहू नये.' ठराव मंजूर झाला. एक सभासद तटस्थ राहिला. (तो कोण, ते सांगत नाही.)

त्या नियमानं माझं लेखन संपलं. गोष्ट आधी घरी सांगायची, तिच्यावर तासभर बोलणं व्हायचं, आणि मग लिहायला काही उरायचंच नाही. 'रेडिओव्यतिरिक्त' आता ती चालवते, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरं चालवते. मी वाचनमात्र झालो आहे. परवा तिनं लिहिलं, ओला टॉवेल पलंगावर पडतो. मी उठलो, टॉवेल दोरीवर टाकला आणि कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी खाली रांग लागली होती : "भावोजींना नमस्कार."

काल कानाच्या यंत्राचे सेल आणायला पुन्हा बुधवार पेठेत गेलो. तेच गृहस्थ काउंटरपाशी उभे. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. मी मनातल्या मनात उजव्या गुडघ्याचं उत्तर तयार केलं.

"तुम्ही शैलाताईंचे मिस्टर ना?" ते म्हणाले. "आज टॉवेल उचलला का?"