चांदणी गल्लीतली दवंडी

साहेब, नळात गटार तुम्हीच सोडलंत! हाताने नसेल सोडलं. पण पाइप फुटलाय हे तीन महिने माहीत असून खुर्चीतून हलला नाहीत, म्हणजे सोडलंतच. आणि पाइप बदलायचा सोडून केलंत काय? नोटीस काढलीत! ती वाचायला पाठवलंत कोणाला? तर केसरीनाथला!

वाचकहो, केसरीनाथ म्हणजे साहेबांच्या नगरपालिका कचेरीचा दवंडीवाला शिपाई. खाडीकाठचा माणूस. या काठावर शिंकला तर पलीकडचे बगळे उडावेत असा आवाज! एकोणनव्वदच्या जुलैतल्या त्या दुपारी रिक्षाला भोंगा बांधता बांधता तो रिक्षावाल्या हाशिमला म्हणाला, "चांदणी गल्लीला भोंगा कशाला लागतो? माजा घसा पुरा हाय!"

बढाईखाली काळजी होती. महिन्यापूर्वी याच पाण्याने त्याच्या बायकोला, जानकीबाईला, कावीळ झाली होती. एकवीस दिवस तिचे पिवळे डोळे बघून हा अर्धा झाला होता. गल्लीत नळ चार वाजता यायचा. त्याआधी घराघरात कळायलाच हवं होतं, की पाणी उकळून प्या. आणि तीन तर वाजून गेले होते!

चांदणी गल्लीत दोन्ही बाजूंना खाली कापड विणणारे लूम आणि वर बिऱ्हाडं. दोनशे लूम एकदम चालतात तेव्हा माणसाला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. केसरीनाथ भोंग्यात गरजला, "तमाम नागरिकांस सूचित करण्यात येते की..." खटाखट, खटाखट! दारातल्या कामगाराने हसून सलाम ठोकला. गल्लीतली बायजाबाई टोपली घेऊन धावत आली आणि त्याच्या कानात किंचाळली, "कांदं कसं दिलंस?" गेल्या आठवड्यात याच रिक्षात भोंगा लावून हाशिमने कांदे विकले होते ना!

"साडेतीन झाले!" हाशिमने घड्याळ त्याच्या नाकाशी धरलं.

केसरीनाथने कोपऱ्यावरच्या विजेच्या पेटीकडे बघितलं. पेटीला झाकण नव्हतंच. तेही साहेबांच्याच कृपेने.

"अरे नको!" हाशिम ओरडला. "लूमवाला खलीलशेठ आपल्याला कापडाच्या ताग्यात गुंडाळून पार पडघ्याला फेकील!"

"दोन मिन्टांचा तर सवाल हाय!"

खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळून केसरीनाथने तिन्ही फ्यूज खेचले. लूम थांबले. असा सन्नाटा पडला की बायजाबाईच्या पोटातली गुडगुड ऐकू आली. भोंगा रिक्षाच्या बॅटरीवर. केसरीनाथने खुशीत माईक धरला आणि नोटीस पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. साहेबांनी पाण्याचा विषय सातव्या कलमात टाकला होता. पहिलं कलम होतं, "पावसाळ्यात विजेच्या पेटीस नागरिकांनी हात लावू नये!"

हे वाचताना फ्यूज याच्या हातात!

पण खरी चूक वेगळीच झाली होती. या गल्लीतली पोरं खटखटीत जन्मतात आणि खटखटीतच झोपतात. खटखट थांबली की डोळे टक्क उघडे! वरच्या मजल्यावर एक रडलं, मग दुसरं, मग चाळीस. पोटमाळ्यांवर झोपलेले रातपाळीवाले धडपडत उठले. "शिफ्ट बदल गई क्या?" एक जण तर डोळे मिटूनच बंद लूमसमोर जाऊन उभा राहिला! बाकीच्यांनी हिशेब लावला: लूम बंद, लाईट बंद, बाहेर भोंगा. म्हणजे कारखान्यात सुताला आग!

"आग लगी! पानी लाओ!"

घराघरातून हंडे, बादल्या, माठ निघाले. आग सापडेना, तेव्हा गर्दीच्या मध्ये जे दिसलं त्यावर पाणी ओतलं. दिसला केसरीनाथ! भोंग्याने 'कुईं' करून प्राण सोडला. कालपरवापासून साठवलेलं सगळं पाणी रिक्षाखालून गटारात निघालं. आता प्यायला चार वाजताच्या नळाशिवाय थेंब नव्हता!

खलीलशेठ गर्दी फोडत आले. "फ्यूज कोणी काढले? लूम मध्येच थांबले, सगळ्या कापडावर पट्टी पडली माझ्या! दिमाग फिरला काय तुझा?"

"शेठ, ऐका तर..." पण चाळीस पोरांपुढे खाडीकाठचा तो घसासुद्धा हरला.

तेवढ्यात खलीलशेठची बायको सालेहा कडेवर रडतं पोर घेऊन जिना उतरली. तिने आधी नवऱ्याला गप्प केलं, मग केसरीनाथला जवळ ओढलं. "केसरीनाथभाई, तो कागद फेका. सरळ सांगा, काय झालं?"

"भाबी, नळात गटार आलाय. माजी बायको मरता मरता वाचली. पानी उकळा, येवडाच सांगायचा हाय."

"मग हे नाय सांगायचं आधी? कलम एक, कलम दोन करत बसला! पहिले ते फ्यूज लावा, पोरं झोपू द्या."

फ्यूज लागले. खटाखट, खटाखट! पोरं गप्प! गल्लीच्या एका बाजूने सालेहा, दुसऱ्या बाजूने बायजाबाई, प्रत्येक जिना चढून प्रत्येक चुलीपर्यंत गेल्या. चारला नळ आला तेव्हा घरोघरी स्टोव्हवर पातेली चढली होती.

चांदणी गल्लीत एकही माणूस आजारी पडला नाही. एकही!

महिन्याभराने केसरीनाथला कचेरीत दोन कागद मिळाले. पहिला मेमो: विजेच्या पेटीस हात लावल्याबद्दल खुलासा करावा. दुसरा साहेबांचा पाइपाबद्दलचा शेरा; तो त्याने गल्लीत आणला. खलीलशेठनी तो मोठ्याने वाचला, "सदर गल्लीतून काविळीची एकही तक्रार नाही. सबब पाइप निर्दोष असून खोदकामाची आवश्यकता नाही."

"म्हणजे पाणी उकळलं ही आपलीच चूक?" सालेहा म्हणाली.

"मग काय! गल्लीसाठी कोणीतरी कच्चं पाणी पिऊन पिवळं व्हायला पाहिजे," खलीलशेठ म्हणाले.

सगळ्यांनी हाशिमकडे बघितलं. हाशिमने रिक्षा चालू केली ती थेट गावाबाहेर, अंबाडीच्या रस्त्याला लागली.

साहेब, पाइप अजून फुटकाच आहे आणि गल्ली रॉकेलच्या रांगेत उभी राहून पाणी उकळते आहे. तेव्हा आता लेखी कळवा: एक पाइप खोदायला तुम्हाला किती माणसं पिवळी लागतात? आकडा सांगा!