कप्तानाच्या सुरकुत्या

"ताई, हा म्हातारा नाहीये," साहेब म्हणाला. "हा तरुण माणूस आहे. उशीत तोंड खुपसून झोपला होता आणि आत्ताच उठलाय."

ताईंनी स्क्रीनवरच्या कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने ताईंकडे पाहिलं. दोघांनाही ते पटल्यासारखं दिसलं.

साहेबाचं वय एकोणतीस आणि हा त्याचा चौदावा नकार. ताई अठरा वर्षं व्हिडिओ गेममधली तोंडं घडवत होत्या. या कप्तानाला तर त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं होतं म्हणा ना. पहिल्या गेममध्ये त्याचं नाक म्हणजे नुसता त्रिकोण होता, बोटं एकमेकांना चिकटलेली होती आणि डोळे मिटायची सोयच नव्हती. वादळ येवो की शत्रू येवो, तो आपला टक लावून बघत राही, आणि तरी लोक त्याच्यावर जीव टाकत. दुसऱ्या गेममध्ये त्याला पापण्या आल्या, दाढीचे खुंट आले. आता तिसरा भाग निघायचा होता आणि कॉम्प्युटर इतके तयार झाले होते की खेळणारे कप्तानाच्या गालावरची छिद्रं मोजून तक्रारी करतील. नेमका याच भागात कप्तान बहात्तर वर्षांचा व्हायचा होता.

सुरकुत्या ताईंनी काढल्या नव्हत्या असं नाही. कपाळावर चार, डोळ्यांच्या कडेला तीन-तीन, ओठांच्या दोन्ही बाजूंना एकेक. सगळ्या जिथल्या तिथे. तरीही कप्तान शाळेच्या नाटकात पावडर फासून आजोबा केलेल्या मुलासारखा दिसत होता.

"शुक्रवारी गेम काढणाऱ्या कंपनीची माणसं बघायला येतायत," साहेब आवाज खाली आणून म्हणाला. "त्यांना नाही आवडलं, तर चेहऱ्यांचं सगळं काम ती दुसरीकडे देणार. मग..." पुढचं तो बोलला नाही, पण त्याची नजर ताईंच्या खुर्चीवर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. मुलगा वाईट नव्हता. "एखादा खराखुरा म्हातारा आणा ना, ताई. बुधवारी त्याला सगळ्या बाजूंनी स्कॅन करू."

खऱ्या म्हाताऱ्यासाठी ताईंना लांब जायची गरज नव्हती. त्यांच्या घराच्या खालच्याच मजल्यावर वडील राहत होते. छत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर, आणि चेहरा असा की ऊन, वारा, धूळ सगळ्यांनी त्यावर मनसोक्त हात साफ करून घेतला होता.

"बाबा, मला तुमच्या सुरकुत्या हव्या आहेत," हे वाक्य ताईंनी सोमवारी संध्याकाळी जिन्यात तीनदा म्हणून पाहिलं. पण समोर बाबा चष्मा लावून पेपर वाचत बसलेले दिसले आणि जीभ काही रेटेना. बापाला त्याच्या तोंडावर म्हातारा म्हणायचं कसं?

"बाबा," त्या म्हणाल्या, "आमच्या गेमच्या हिरोसाठी तुमचा चेहरा हवाय."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "हिरोसाठी? माझा?"

"हो. बुधवारी. फोटोच काढायचेत, चारी बाजूंनी."

"ऐकलंस का गं?" बाबांनी आत हाक दिली. "मला हिरो करतायत!"

"कशात?" आतून आईने विचारलं.

"गेममध्ये."

"गुडघ्यांचं सांगितलंत का त्यांना?"

चूक झाली ती इथेच. ताईंनी प्रेमापोटी निम्मी गोष्ट पोटात ठेवली आणि उरलेली निम्मी घेऊन बाबा मंगळवारी सकाळी सलूनमध्ये गेले.

बाबांनी आयुष्यात कधी चुरगळलेला गणवेश घालून बस काढली नव्हती. हिरो व्हायला ते असेच कसे जातील? सलूनवाल्याला कारण कळताच तोही इरेला पेटला. त्याने आधी तोंडाला वाफ दिली, मग लेप लावला, मग डोक्याला काळाभोर कलप केला. मिशीला कलप लावताना तो थोडा ओठावर उतरला. ओठ पुसताना मिशीची एक बाजू राखाडी राहिली. दोन्ही बाजू सारख्या करता करता मिशी बारीक होत गेली आणि शेवटी दोघांनी एकमताने ती काढूनच टाकली.

घराचं दार आईने उघडलं. "कोण पाहिजे? हे बाहेर गेलेत."

"अगं, मीच आहे!"

आईने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षांत मी तुमचा वरचा ओठ पाहिला नव्हता."

"कसा आहे?"

"असू दे," आई म्हणाली.

संध्याकाळी ताई घरी आल्या आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. पण बाबा इतक्या आशेने बघत होते की त्या म्हणाल्या, "छान दिसताय." मनातल्या मनात त्यांनी हिशेब मांडला, की केस काय, मिशी काय, कॉम्प्युटरवर परत लावता येतील. सुरकुत्या काही कुणाला पुसता येत नाहीत.

बुधवारी सकाळी त्या पुसल्या गेलेल्या होत्या. बाबांचं तोंड टम्म फुगलं होतं. डोळ्यांच्या जागी दोन चिरा, गाल गुळगुळीत, कपाळ तर लाटणं फिरवल्यासारखं सपाट.

"कलपाची ॲलर्जी," त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या देते. उतरायला दोन-तीन दिवस लागतील." मग बाबांना बरं वाटावं म्हणून त्या हसून म्हणाल्या, "एक फायदा सांगू, काका? तोंडावर एकसुद्धा सुरकुती राहिली नाहीये."

"बघ!" बाबा ताईंना म्हणाले.

"बाबा, आज आपण नको जाऊ या."

"छत्तीस वर्षांत मी एक खेप बुडवली नाही. शब्द दिलाय ना? चल."

ताईंनी तेव्हा तरी सांगून टाकायला हवं होतं. पण फुगलेल्या तोंडाने सुद्धा बाबा खूश दिसत होते, आणि जे दोन दिवस सांगता आलं नव्हतं ते आता रिक्षात कसं सांगणार?

ऑफिसातल्या त्या खोलीत मधोमध एक खुर्ची होती आणि भोवती चाळीस कॅमेरे. बाबा ताठ बसले. चाळीस कॅमेऱ्यांचे फ्लॅश एकदम उडाले. बाबांनी विचारलं, "झालं? नुसतं एवढंच?" आणि शेजारच्या स्क्रीनवर हळूहळू त्यांचं तोंड उमटलं. गोल, चकचकीत, काळ्याभोर केसांचं.

"ताई, हे कोण?" साहेबाने विचारलं. "कप्तानाचा नातू?" मग खुर्चीतल्या माणसाकडे लक्ष जाऊन तो वरमला आणि सारवासारव करायला गेला. "तसं नाही काका, पण आम्हाला खरं तर तुमच्या सुरकुत्या हव्या होत्या."

बाबांनी स्क्रीनवरचं ते गुळगुळीत तोंड पुन्हा एकदा पाहिलं.

"सुरकुत्या?" त्यांनी ताईंकडे पाहिलं. "मग सांगायचं नाही का गं आधी? होत्या तशा घेऊन आलो असतो."

एवढं बोलून ते उठले. घरी जाताना ते रिक्षातून बाहेर बघत बसले, मधूनच मिशीच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवत. ताईंना रडू आवरेना. शुक्रवार तर गेलाच होता, पण बापाला दुखवायचं नाही म्हणून जे झाकलं, त्यानेच तो जास्त दुखावला होता, आणि तेही परक्यांसमोर.

गुरुवारी सकाळी ताईंनी घरातले सगळे अल्बम खाली काढले. जुन्या फोटोंवरून काही जमतंय का, ही शेवटची आशा. पण सहलीच्या फोटोंत बाबा नव्हते, कारण कॅमेरा त्यांच्या हातात होता. लग्नाकार्याच्या फोटोंत नव्हते, कारण ते ड्यूटीवर होते. बक्षीस समारंभात ते शेवटच्या रांगेत होते आणि पुढच्या माणसाची टोपी आड आली होती. धड असा एकच फोटो होता, लायसन्सवरचा, आणि त्यात ते पोलिसांना हवे असलेले गृहस्थ वाटत होते.

"काय उकरतेस एवढं?" आईने विचारलं.

"बाबांचा चेहरा."

"तो फोटोत कशाला शोधायचा? चल, मी सांगते."

अकरा वाजता आई ऑफिसात ताईंच्या शेजारी बसली, पर्स मांडीवर घेऊन. तिने स्क्रीनवरच्या कप्तानाला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "याचं कपाळ खोटं आहे."

"मग खरं कसं असतं?"

"रेघा अशा वहीत आखल्यासारख्या नसतात. मधली तुटते. इथे, भुवईच्या वर. हां. आता ही डोळ्याकडची खाली घे. अगं, एवढी नको, तो चिडका दिसायला लागला! ते चिडके नाहीत. उन्हाकडे बघतायत."

ताईंनी रेघ हलवली. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूचीही रेघ हलली.

"मी या बाजूची सांगितली," आई म्हणाली. "तिकडची कशाला हलवलीस?"

"मी नाही हलवली, आई. ती सोयच आहे. एक बाजू केली की दुसरी आपोआप तशीच होते. अर्धं काम वाचतं."

"वाचणारच. अर्धाच माणूस करतेस तू." आईने स्क्रीनवर बोट टेकवलं. "खिडकीकडची बाजू जास्त म्हातारी आहे त्यांची. छत्तीस वर्षं ऊन तिकडूनच आलं ना! इकडचा गाल अजून पन्नाशीतला आहे."

ताईंचा हात माउसवर तसाच राहिला. या चेहऱ्यासमोर बसून त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. दुनियेची तोंडं घडवली, पण हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी ती सोय बंद केली आणि एकेक बाजू वेगळी घडवायला घेतली.

आई सांगत गेली. खिडकीकडच्या डोळ्याखाली तीन पदर, दुसरीकडे दीड. मानेवर कॉलरपाशी ऊन संपतं तिथे सरळ रेघ. "आणि ओठाच्या या कोपऱ्यात एक बारीकशी घडी असते. हसू दाबून दाबून पडलीय."

"बाबा हसू कधी दाबतात?"

"मी बोलत असते तेव्हा."

आजूबाजूची मंडळी एकेक करून मागे येऊन उभी राहिली. चारच्या सुमाराला साहेब आला, कानांवरचे हेडफोन काढले आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, खुर्ची बरी आहे ना? चहा सांगू?"

शुक्रवारी कंपनीची तीन माणसं आली. त्यांच्यातल्या सगळ्यात कडक दिसणाऱ्या बाईंनी कप्तानाला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हा माणूस कष्ट केलेला आहे." चेहऱ्यांचं काम आणि ताईंची खुर्ची, दोन्ही जागच्या जागी राहिली.

दुपारी ताई बाबांना घेऊन आल्या. यायला ते तयार नव्हते. आईने हाताला धरून काढलं. सूज बरीच उतरली होती. ते स्क्रीनसमोर उभे राहिले. कप्तानाने सावकाश मान वळवली आणि उन्हाकडे बघावं तसे डोळे बारीक केले. बाबांचा हात आपोआप आपल्या गालावर गेला, खिडकीकडच्या.

"हे कुणी सांगितलं?"

"आईने."

"ही पण? ही खालची बारकी?"

"सगळं तिनेच सांगितलं, बाबा. न बघता."

बाबा आईकडे वळले. "एवढं बघत होतीस?"

"समोर दुसरं होतं काय?" आई पर्समध्ये काहीतरी शोधत म्हणाली.

बाबांनी हसू दाबलं, आणि ताईंना ओठाच्या कोपऱ्यातली घडी अगदी सांगितल्या जागी दिसली. "बाबा, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. बाबांनी त्यांच्या डोक्यावर एक टपली मारली आणि विषय संपवला.

साहेबाला मात्र हुरूप आला होता. "या भागात कप्तानाची बायको पण आहे," तो म्हणाला. "सत्तरीची. काकूंचाच चेहरा घेऊ या का?"

"मी नाही फुगून येणार हं," आई म्हणाली.

"स्कॅन नकोच. कालचीच पद्धत. आता काका सांगतील."

बाबा खुर्चीत बसले, सवयीने ती पुढे-मागे करून घेतली. ताईंनी बाईचा एक कोरा चेहरा समोर आणला, आईच्या वळणाचा, पण गुळगुळीत, एकही रेघ नसलेला. आई पाठ फिरवून भिंतीवरचा सूचनाफलक वाचू लागली. त्यावर फक्त आग लागल्यास काय करावे एवढंच लिहिलं होतं, पण ती फार लक्ष देऊन वाचत होती.

"सांगा, बाबा. कपाळापासून."

बाबांनी डोळे मिटले. मग उघडले. स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा मिटले. "नाक थोडं धारदार कर," ते म्हणाले. "हां. भुवया किंचित वर. झालं."

"झालं कसं, काका?" साहेब म्हणाला. "सुरकुत्या राहिल्या ना."

"हिला कुठे आहेत?"

"अहो!" आई गर्रकन वळली. "चव्वेचाळीस वर्षांत एकदा तरी नीट बघितलंत का माझ्याकडे?"

"रोज बघतो," बाबा गोंधळून म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, लावला, आणि आईचं तोंड या बाजूने, त्या बाजूने अगदी तपासून पाहिलं. "नाहीत गं. उगाच कशाला खोटं सांगू?"

आई पुन्हा सूचनाफलकाकडे वळली.

साहेबाने डोक्याला हात लावला. "ताई, आता कंपनीला काय सांगायचं? बहात्तर वर्षांचा नवरा आणि ही पंचविशीची बायको?"

"सांगा," ताई म्हणाल्या आणि तो चेहरा त्यांनी तसाच सेव्ह केला, "कप्तानाला ती अशीच दिसते."