ताईचं कपाट आणि माझा मार्कर

घरात पडलेल्या वस्तूंतून मी काहीही बनवू शकतो! हे मीच म्हणतो, कारण घरातलं दुसरं कुणी म्हणत नाही.

म्हणूनच ताईचं काम मी हसत हसत अंगावर घेतलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला जन्मापासून दिसत नाही, आणि ती कुणाच्या बापाला भीत नाही. नुकतीच ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती. तिला स्वयंपाकघरात कपाट करून हवं होतं. मिस्त्री फोनवर म्हणाला, "तुम्ही कशाला डोकं शिणवता? मी करतो माझ्या मनाने."

फोन ठेवून ताई म्हणाली, "आजवर सगळी कपाटं दुसऱ्याच्या मनाची वापरली. ह्याचं चित्र मीच काढून देणार! मला रेघ बोटाला लागेल असा चित्राचा बोर्ड पाहिजे."

"दुकानात महाग मिळतो," मी म्हणालो. "मी घरीच करतो! फुकटात!"

कल्पना सोपी होती. खाली रबर, वर जाड कागद, आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ मारायची. कागदाच्या पाठीवर ती उठते. मी बाथरूमबाहेरचं रबरी पायपुसणं घेतलं.

ताईने कागदावर बोट फिरवलं. "हे कपाट आहे की गोवर?"

पायपुसण्याचे सगळे फोड कागदावर आले होते! मग स्पंज घेतला, तर कागद फाटला. पण मीही हट्टाला पेटलो होतो. सायकलची जुनी ट्यूब कापली आणि भाजी चिरायच्या बोर्डावर चिकटवली. गोंद इतका भारी निघाला की बोर्ड जेवणाच्या टेबलालाही चिकटला! उचकटला तेव्हा टेबलाची सालही सोबत आली.

"आता भाजी काय तळहातावर चिरू?" बायको कडाडली.

मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावून त्यावर कागद बसवला आणि पळालो.

ताईने रेघ मारली, कागद उलटला, बोट फिरवलं. "उठली रे!" ती म्हणाली, आणि त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली. खरं सांगतो, मला भरून आलं.

मग ती जी बसली, ती जेवायलाही उठेना. दोरीला गाठी मारून तिने भिंत मोजली. कोपऱ्यात खांब होता. तिथे कपाटाला खाच नसेल, तर ते भिंतीला टेकणारच नव्हतं. कितीतरी कागद तिने फाडून टाकले. शेवटी एक मनासारखा उतरला, तो दोरीसकट माझ्या हाती देत म्हणाली, "नेऊन दे. आणि स्वतःचं डोकं चालवू नकोस."

जिना उतरताना मी डोकं चालवलं! पांढऱ्या कागदावरच्या पांढऱ्या रेघा मिस्त्रीला दिसणार कशा? ताईचं पेन जिथून फिरलं होतं, त्या बाजूने मी काळा मार्कर फिरवला. किती सुबक! मिस्त्रीला ऐटीत सांगितलं, "खोली बघायला यायचीसुद्धा गरज नाही!"

कपाट आलं. खाच उजवीकडे, खांब डावीकडे!

"तरी मी म्हणत होतो," मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "दिसत नाही त्यांनी कशाला या भानगडीत पडावं?"

ताईचा चेहरा पडला. उभ्या जन्मात मी तो तसा पाहिला नव्हता.

"कागद आण," ती म्हणाली. तिने तो दोघांच्या मधे उभा धरला आणि आपल्या बाजूने बोट फिरवलं. "खाच डावीकडेच आहे."

"उजवीकडे आहे, ताई! काळी रेघ ढळढळीत दिसतेय!" समोरून मिस्त्री म्हणाला.

"काळी रेघ?" ताईने मान वळवली. "ती कुणी मारली?"

मला अचानक छताचा पंखा फार आवडू लागला.

अहो, ब्रेल हाताने लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचत जातात, म्हणजे कागद उलटला की सरळ वाचता येतं! ताईचं सगळं आयुष्य तसं लिहिण्यात गेलेलं. चित्रही तिने तसंच उलटं काढलं होतं, पाठीवर सुलट उमटावं म्हणून. आणि मी शहाण्याने उलटी बाजू रंगवली होती!

मिस्त्रीने पलीकडे जाऊन ताईच्या बाजूने कागद पाहिला. मग कान पकडला. "ताई, तुमचं अगदी बरोबर होतं. चुकलो. दुसरं करून देतो. तुमच्याच चित्रावरून."

ताई नुसती हसली. तेवढ्यात दारातून बायको ओरडली, "आपल्याकडे खांब उजवीकडेच आहे की!"

समोरासमोरचे फ्लॅट, सगळंच उलटं. ते कपाट आमच्याकडे असं चपखल बसलं की बायकोने मला चक्क चहा विचारला!

ताईने मिस्त्रीसाठी नवा कागद काढला. या वेळी त्याच्या कोपऱ्यात टिंबांची एक ओळही होती. मी छाती फुगवून मिस्त्रीला सांगितलं, "माझ्या बोर्डाचा शिक्का आहे हा!" मग घरी येऊन ताईला विचारलं, "काय गं लिहिलंयस त्यात?"

"भावाने हात लावू नये."