डॉक्टर टेंब्यांचे तीन प्रश्न

आमच्या सोसायटीत कुणी शिंकलं की बाकीचे लोक रुमाल देतात. डॉक्टर टेंबे विचारतात, "आधी कोण शिंकलं?"

लिफ्ट असो, बारसं असो, त्यांना फरक पडत नाही. माझ्या नणंदेच्या साखरपुड्यात नवऱ्यामुलाच्या मामांना ठसका लागला, तर हा माणूस ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "तुम्ही पहिले नाही. पहिला दुसराच कुणीतरी आहे. आपण शोधू." मामा घाबरून जेवणच टाकून उठले. लग्न मोडलं नाही हे आमचं नशीब.

पेणकरपाड्याला आमची सोसायटी झाली तेव्हा दारावर 'डॉ.' अशी पाटी बघून आम्ही बायका खूश झालो होतो. म्हटलं, चला, रात्रीबेरात्री पोरांना ताप आला तर सोय झाली. कसली सोय! मी एकदा पाठ दुखते म्हणून गेले, तर म्हणाले, "सोसायटीत आणखी कुणाची दुखते?" मी म्हटलं, मला काय माहीत, माझी दुखते. "मग एकटीच्या पाठीत मला गती नाही. मी माणसाला तपासत नाही, वस्तीला तपासतो." रोगांच्या साथी कुठून येतात, कशा पसरतात, हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कुठे लग्नात जेवून गाव आजारी पडलं, कुठे विहिरीचं पाणी बाधलं, की हे पिशवी घेऊन हजर. गोळी मात्र आजवर त्यांनी कुणाला दिलेली नाही.

त्यांचे प्रश्न तीन. काय खाल्लं? कुठे खाल्लं? सोबत कोण होतं? वॉचमनपासून माझ्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांना हे तीन प्रश्न पाठ आहेत. आणि आजारी माणसाला विचारलं तर एक वेळ समजू शकतो. हे धडधाकट माणसाला धरतात. "तुम्ही का आजारी नाही?" असं तोंडावर विचारतात. आता याला काय उत्तर द्यायचं, सांगा बरं.

हे सगळं निस्तरायला नलूताई होत्या. त्यांच्या पत्नी. डॉक्टर कुणाला पिडायला लागले की त्या मागून येऊन म्हणायच्या, "अहो, सोडा त्यांना, भात निवतोय." की हे मुकाट्याने घरी. दर उन्हाळ्यात सोसायटीच्या गेट-टुगेदरला पन्हं नलूताईंचंच असायचं. गेल्या दिवाळीच्या आधी त्या गेल्या. यंदा पन्ह्याचं कसं करायचं, असं मीटिंगमध्ये निघालं, तर डॉक्टर उठून म्हणाले, "मी करतो. तिची कृती मला माहीत आहे." नाही कोण म्हणणार?

पन्हं केलं मात्र झकास. कैऱ्या उकडल्या, पाणी उकळलं, पातेली उकळली, पेले उकळले, आणि त्यांच्या शेजारची जिग्नाबेन शपथेवर सांगते की डावदेखील उकळला.

दुसऱ्या दिवशी अर्धी सोसायटी संडासात.

दुपारपर्यंत गुन्हेगार ठरलासुद्धा. तळमजल्यावरची अ‍ॅग्नेस. उत्तनजवळच्या चौक गावची बाई, घरूनच डबे देते, त्यावर तिचं आणि म्हाताऱ्या आईचं चालतं. गेट-टुगेदरला बटाट्याचे पॅटिस तिचे होते. आजारी पडलेल्या जवळजवळ सगळ्यांनी पॅटिस खाल्ले होते. झालं. आमचे हे सेक्रेटरी. त्यांनी संध्याकाळची मीटिंग लावली: विषय, अ‍ॅग्नेसचे डबे बंद करणे. ती दारात उभी राहून म्हणत होती, "माझ्या पॅटिसात काय न्हाय. उरलेले मी नि आईने खाल्ले ना. आमाला काय झालं?" कोण ऐकतंय.

डॉक्टर ऐकत होते. पिशवी खांद्याला लावून ते घरोघर निघाले.

आमच्याकडे आले तेव्हा मी भिंत धरून चालत होते. सासूबाईंसमोर मला विचारतात, "पाण्यासारखे की पिठल्यासारखे?" तेव्हापासून आमच्या घरात पिठलं झालेलं नाही. पॅटिस किती खाल्ले, म्हणाले. मी म्हटलं, एकही नाही, मला बटाटा बाधतो. पन्हं मात्र दोन पेले प्याले. डॉक्टर तडक जिग्नाबेनकडे गेले. ती ठणठणीत होती. "पन्हं घेतलं होतं?" "लिया ना, लेकिन बरफ के बिना. हम बरफ नहीं लेते."

संध्याकाळी मीटिंगला आमच्या यांनी घसा साफ केला, तेवढ्यात डॉक्टर उठले.

"पॅटिस निर्दोष आहेत," ते म्हणाले. "दोष बर्फाचा. मी रिक्षावाल्याला लादी आणायला सांगितली होती. आज विचारलं, तर म्हणतो, मच्छीवालों के यहाँ से लाया साब, जल्दी पिघलता नहीं." मग अ‍ॅग्नेसकडे वळून हात जोडले. "पहिला कोण, ते सापडलं. मी."

सगळं उकळलं आणि बर्फ मासळीचा घातला. कुणालाच हसू आवरेना. अ‍ॅग्नेस तर पदर तोंडाला लावून रडता रडता हसत होती. एकटे डॉक्टर हसले नाहीत. पिशवी उचलून घरी गेले.

दोन दिवस ते दिसले नाहीत. माझं पोट ठिकाणावर आल्यावर मी वरण-भात घेऊन गेले. अ‍ॅग्नेसने वर दोन पॅटिस ठेवले. "डॉक्टरला सांगा, ताजे हायेत."

त्यांच्या ओट्यावर बर्फाचे रिकामे ट्रे होते, एकावर एक, चांगला ढीग. डॉक्टर म्हणाले, "नलूचे. आमच्या फ्रीजरमध्ये तर दोनच मावतात. हिला एवढे कशाला लागायचे, कळत नाही."

"अहो, आमच्याकडे लावायच्या," मी म्हटलं. "पाणी उकळून, गार करून, एक ट्रे माझ्याकडे, एक तिसऱ्या मजल्यावर, बाकीचे जिग्नाबेनकडे. ती स्वतः बर्फ खात नाही, पण फ्रीजर तिचा मोठा. उन्हाळा आला की त्यांच्या घरोघर चकरा चालायच्या."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलं नाही. जगाला विचारत हिंडलात."

तोंडातून निघून गेलं. डॉक्टर ट्रे पुन्हा नीट रचायला लागले. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांचंच सुरू केलं.

"काल रात्री काय खाल्लं?"

"खिचडी."

"कुठे खाल्ली?"

"इथेच. ओट्यापाशी. उभ्यानेच."

तिसरा प्रश्न मी विचारणार नव्हते. पण तो त्यांना सवयीने ऐकू आला असावा, कारण उत्तर त्यांनीच दिलं.

"सोबत कोणी नव्हतं."

मी दोन ताटं घेतली आणि समोर बसले. डॉक्टरांनी वरण नाकापाशी नेलं. "हे किती वाजता शिजवलं?"

"जेवा गुपचूप," मी म्हटलं. "भात निवतोय."