राजीनाम्याची पात्रता

जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शमिका भोईटे हिची इलेक्ट्रॉनिक्सची सहायक प्राध्यापक म्हणून परिवीक्षेवर नेमणूक झाली. मूळ प्रमाणपत्रं संस्थेने सुरक्षिततेसाठी जमा करून घेतली. सुरुवातीला तिने रेल्वे स्टेशनाबाहेर उभं राहून प्रवेशाची पत्रकं वाटली. मग वर्ग मिळाला, पण प्रयोगशाळेला कुलूप होतं. विद्यार्थ्यांनी हात लावल्यास उपकरणं खराब होतात, असा संस्थेचा अनुभव होता. न झालेल्या प्रयोगांचे गुण भरा, अशी सूचना आली, तेव्हा शमिकाने राजीनामा लिहिला.

संचालक डॉ. हिंदुराव मोहिते मूळचे कराडचे, अर्धं आयुष्य जयपुरात गेलेलं. शमिकाही तिकडचीच, म्हणून गाववालीचा राजीनामा त्यांनी आपुलकीने वाचला.

"हा तुम्हाला देता येणार नाही, शमिकाजी. राजीनामा कर्मचारी देतो. तुम्ही परिवीक्षेवर. मतलब, संस्थेने तुम्हाला अजून आपलं मानलेलं नाही. मग तुम्ही सोडणार काय?"

"मी उद्यापासून येत नाही, सर."

"ती गैरहजेरी. तिने परिवीक्षा वाढते."

"मग मला काढून टाका."

"काम असमाधानकारक असेल तर जरूर काढू. तुमचं तर उत्तम आहे."

शमिकाने काम बिघडवायला घेतलं. ती वर्गात उशिरा जाऊ लागली आणि गेल्यावर गप्प बसू लागली. मुलं मोबाइल बघत. सत्राअखेर विद्यार्थ्यांनी तिला सर्वांत आवडती शिक्षिका ठरवलं आणि संचालकांनी विद्यार्थिस्नेही अध्यापनाबद्दल तिचा सत्कार केला.

आता एकच उपाय उरला होता. तिने खरे गुण भरले, सगळ्यांना शून्य. कार्यालयाने ती नजरचूक समजून प्रत्येक शून्याआधी नऊ लिहिला. असा निकाल विभागात कधीच लागला नव्हता. शमिकाला मुदतीआधीच कायम करण्यात आलं.

तिचे वडील, निवृत्त सुभेदार माधवराव, शेजाऱ्यांना मिठाई वाटून आले. "परमनंट झालीस," ते म्हणाले.

"बाबा, मी सोडतेय."

"आता? स्थळवाल्यांना काय सांगू मी?"

"खोटे गुण देत नाही म्हणून सोडली, असं सांगा."

माधवरावांनी थोडा विचार केला. "तसं नको," ते म्हणाले. "मुलगी हट्टी आहे असं वाटेल."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा संचालकांपुढे उभी राहिली. मोहिते मनापासून खूश झाले. "आता कसं! आता तुम्ही राजीनाम्याला पूर्ण पात्र आहात. फक्त वर्षाच्या मध्यात देता येत नाही. विद्यार्थ्यांचं नुकसान होतं."

"आणि वर्ष संपल्यावर?"

"तेव्हा प्रवेश सुरू असतात. संस्थेचं नुकसान होतं."

"माझी प्रमाणपत्रं द्या, सर."

"ती कर्मचाऱ्याला परत देता येत नाहीत."

शमिका वळली आणि प्रमाणपत्रांशिवायच फाटकाबाहेर पडली. सीतापुऱ्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये मशीनची बंद पडलेली सर्किटं दुरुस्त करायला माणूस हवा होता. मालकाने तिच्यापुढे एक सर्किट ठेवलं. दुपारपर्यंत ते चालू झालं आणि तिची नोकरीही. संध्याकाळी बोटाला चटका बसल्याचं तिच्या लक्षात आलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

महाविद्यालयाने मात्र तिला सोडलेलं नाही. नव्या माहितीपुस्तिकेत तिचा फोटो आहे आणि खाली ठळक अक्षरांत छापलंय, 'आमचा एकही प्राध्यापक आजवर संस्था सोडून गेलेला नाही.'

हे वाक्य तुम्हाला फार आवडलं. अशी माणसं टिकवणारी संस्था हल्ली मिळते कुठे, असं तुम्ही तिथल्या तिथे म्हणालात. भोईटे मॅडमना भेटता येईल का, असंही तुम्ही विचारलंत. त्या रजेवर आहेत, असं उत्तर मिळालं. बाकीचे प्राध्यापकही रजेवरच होते.

"मग शिकवणार कोण?" तुमच्या मुलीने विचारलं.

तुम्ही तिला डोळ्यांनी गप्प केलंत आणि प्रवेशाच्या अर्जावर सही कुठे करायची ते विचारलंत.