मत्स्यावताराची शेपटी

"अनंतराव, हा मासा नव्हे!" शरच्चंद्र सर मांडवात शिरताशिरताच कडाडले. "हा डॉल्फिन आहे!"

उद्या गणपती बसायचे होते आणि मंडळाचे अध्यक्ष अनंतराव आत्ता कुठे चहाला टेकले होते. समोर मत्स्यावताराचा हलता देखावा सजला होता. लाकडी मासा आपली आडवी शेपटी झोकात वर-खाली हलवत होता.

"आडवी शेपटी डॉल्फिनची. तो सस्तन. माशाच्या शेपटीचा पर उभा असतो, डावीकडे-उजवीकडे हलतो. पुढे ढकलणं हे त्याचं कार्य!" सरांनी जन्मभर शाळेत हेच शिकवलं. निवृत्तीनंतर ऐकायला एकट्या त्यांच्या पत्नी उल्काताई उरल्या होत्या.

"सर, लोक हात जोडायला येतात, परीक्षेला नाही."

"उत्तम. मग मी बाहेर पाटी लावतो, 'आतील मासा सस्तन आहे.'"

समोरच्या मंडळाला हसायला तेवढंच हवं होतं! अनंतरावांनी देखावा करणाऱ्या हडपसरच्या मच्छिंद्रला हाक मारली.

"फिरवतो की शेपूट," मच्छिंद्र म्हणाला. "पण जागा लागंल."

"आणि काही बिघडलं तर?" सरांच्या मागोमाग आलेल्या उल्काताईंनी विचारलं.

"तर मंडळाच्या कारभारात पुन्हा तोंड उघडणार नाही!" सर म्हणाले.

"आणि घरात?"

"घरातसुद्धा!"

उल्काताईंनी तिथल्या तिथे नवस बोलून टाकला.

उभी शेपटी मखरावर आपटायला लागली, म्हणून मासा पुढे ओढला. पुढे ओढला तर तो कलंडायला लागला. "पाठीवरचा पर मोठा करा, तोच तोल सांभाळतो!" सरांनी फर्मावलं. मोठा केलेला पर छताच्या कापडात घुसला तो तिथेच रुतून बसला. मासा मात्र ताठ उभा राहिला. शेपटी आता थेट दर्शनाच्या वाटेवर आली होती.

उद्घाटनाला पाहुणे म्हणून यज्ञेश्वरबापू आले. बापूंचं भाषण एकदा सुरू झालं की आरतीची वेळ टळायची. त्यांनी बटण दाबलं, माशाकडे पाठ केली आणि "आजच्या या मंगल प्रसंगी" म्हणतात तोच शेपटीने त्यांना मागून रेटलं. ते सावरून परत आले. पुन्हा "मंगल प्रसंगी", पुन्हा धक्का! तिसऱ्या खेपेला बापू प्रसादाच्या टेबलापाशी पोचले.

"अरे, बंद करा ते!" अनंतराव ओरडले.

"बटन शेपटीच्या पल्याड हाय! अन् मेन बंद केलं तर गणपतीबाप्पा अंधारात!"

सर मुकाट्याने घरी गेले. उत्सवभर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. कपाळ तेवढं आठ्यांनी भरलं होतं. पहिले दोन दिवस उल्काताईंना स्वर्ग वाटला, मग घर खायला उठलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अनंतराव पेढे आणि ढाल घेऊन आले. "सर, बक्षीस! देखाव्याचं नव्हे, रांगेचं! सगळ्या पेठेत आपली रांग सर्वांत भरभर सरकली. कुणी रेंगाळलंच नाही हो, मासा प्रत्येकाला पुढे ढकलत होता!"

सरांचे डोळे पाणावले. तोंड मात्र बंदच राहिलं.

"आता पुढच्या वर्षी गजेंद्रमोक्ष," म्हणत अनंतरावांनी चित्र उलगडलं. हत्तीचा पाय धरलेल्या मगरीच्या पाठीवर माशासारखा मोठ्ठा पर होता.

सरांचा चेहरा लालबुंद झाला. ओठ थरथरले. त्यांनी केविलवाणं होऊन उल्काताईंकडे पाहिलं.

उल्काताईंनी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला आणि सुस्कारा सोडला. "बोला एकदाचं. आणि अनंतराव, तुम्ही बसून घ्या. वेळ लागेल."